दानानंतरचें कर्तव्य

दान देणाऱ्याची स्तुति करण्यांत आपला समाज कधींच मागें राहिला नाहीं. दधीचीनें आपल्या अस्थि दिल्या, शिबीनें आपलें मांस तागडींत टाकलें, कर्णानें कवचकुंडलें अंगावरून उतरून दिलीं. या कथा आपण लहानपणीं ऐकल्या आणि मुलांना सांगत आलों. परंतु दान घेणाऱ्याचें पुढें काय झालें, याची वास्तपुस्त या कथा फारशी करीत नाहींत. एका माणसाचें मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय दुसऱ्याच्या देहांत बसवितां येऊं लागल्यापासून मात्र हा प्रश्न टाळतां येण्यासारखा राहिला नाहीं. घेतलेल्या दानाचें रक्षण कोणीं करावयाचें? ज्यानें घेतलें त्या एकट्यानें, कीं त्याच्या भोंवतालच्या सर्वांनीं? या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्नाचें मूळ समजण्यास प्रथम शेताकडे जावें. बारामती तालुक्यांतील माळेगांव बुद्रुकचा परिसर नीरेच्या डाव्या कालव्यावर पोसलेला. ऊस आणि साखर कारखाना ही त्याची ओळख. याच बारामती-इंदापूरच्या पट्ट्यांत द्राक्षाच्या बागाहि आहेत. बागाईतदार डॉगरिज नांवाच्या अमेरिकन वेलीचा खुंट लावतो आणि त्यावर आपल्या द्राक्षाच्या काडीचें कलम करतो. मुळें एकाचीं, घड दुसऱ्याचे. तरी दोघांचा संसार वर्षानुवर्षें बिनबोभाट चालतो.

मनुष्यदेहाची रीत निराळी आहे. आपल्या रक्तांत अहोरात्र फिरणारे पहारेकरी आहेत, आणि आपलें कोणतें व परकें कोणतें हें ओळखणें हाच त्यांचा धर्म. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं, भाजलेल्या रोग्यांच्या अंगावर परक्याची कातडी कां टिकत नाहीं याचा शोध पीटर मेडावार यांनीं घेतला. जी शक्ति जंतूंना हुसकून लावते तीच परक्या कातडीलाहि हुसकून लावते, असें त्यांना आढळलें. १९५४ च्या डिसेंबरांत बॉस्टन येथें डॉ. जोसेफ मरे यांनीं एका भावाचें मूत्रपिंड त्याच्या एकरूप जुळ्या भावास बसविलें आणि तें टिकलें. कारण अशा जुळ्यांच्या देहांत आपपरभावाला जागाच नसते. परंतु जुळा भाऊ कितीकांस असतो? इतरांसाठीं एकच वाट उरली, ती म्हणजे पहारेकऱ्यांना औषधानें गुंगी आणणें. अशीं औषधें पुढें सांपडलीं. सायक्लोस्पोरीन नॉर्वेच्या मातींतील बुरशींतून निघालें, तर ईस्टर बेटाच्या मातींतून सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय शास्त्रज्ञाच्या प्रयत्नानें रॅपामायसीन मिळालें. आपल्या देशांत १९७१ सालीं वेलोर येथें मूत्रपिंडारोपण यशस्वी झालें आणि १९९४ सालीं अवयवदानाचा कायदाहि झाला. शस्त्रवैद्यानें आपलें काम साधलें. खरी परीक्षा त्यापुढें सुरू होते.

कारण गुंगी आलेला पहारेकरी मित्राला आंत येऊं देतो, तसा चोरालाहि येऊं देतो. निरोगी माणसास सहसा न बाधणारे जंतु, विषाणु व बुरशी अशा वेळीं आंत शिरतात. वैद्यक त्यांस संधिसाधु संसर्ग म्हणतें. हा शब्द आपण राजकारणांत पुष्कळ वापरतों. येथें तो अक्षरशः खरा आहे. २०२१ सालीं करोनाच्या दुसऱ्या लाटेंत महाराष्ट्रानें याचा कडू अनुभव घेतला. ज्या काळ्या बुरशीनें अनेकांचे डोळे व जबडे नेले, ती कांहीं नव्यानें आलेली नव्हती. तिचे कण हवेंत व मातींत पूर्वींपासूनच होते. वाढलेली रक्तशर्करा आणि स्टेरॉइड औषधें यांनीं तिला दार उघडून दिलें.

अवयव घेतलेल्या माणसाचा धोका वैद्य दोन गोष्टींवरून मापतात: जंतूंशीं त्याचा संबंध किती येतो, आणि त्याचा पहारा एकंदर किती ढिला झाला आहे. पहारा ढिला होण्याचीं कारणें अनेक. औषधांची मात्रा व मुदत हें पहिलें. त्यांतहि अवयव नाकारला जाऊं लागल्यास मात्रा वाढवावी लागते. वय, मधुमेह, कुपोषण आणि शरीरांत ठेवलेल्या नळ्या हीं दुसरीं. स्टेरॉइड व टॅक्रोलिमस हीं औषधें स्वतःच मधुमेह उत्पन्न करूं शकतात, हा आणखी एक दैवदुर्विलास. काळाचाहि हिशेब आहे. स्थूलमानानें पहिल्या महिन्यांत जखमेचे व रुग्णालयांतील संसर्ग, पहिल्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत संधिसाधूंचा भर, आणि पुढें समाजांत नेहमीं फिरणारे रोग. तथापि धोका पूर्णपणें कधींच टळत नाहीं. कित्येकदा तर शत्रु दानाबरोबरच येतो. सायटोमेगॅलो नांवाचा विषाणु दात्याच्या देहांत निजलेला असावा आणि घेणाऱ्याच्या देहानें तो पूर्वीं कधींच पाहिलेला नसावा, ही जोडी त्या विषाणूच्या दृष्टीनें सर्वांत सोयीची. क्षयाचे जंतु तर रोग्याच्याच छातींत वर्षानुवर्षें दबा धरून बसलेले असूं शकतात.

ही यादी सांगण्याचें आमचें प्रयोजन वैद्यकी शिकविण्याचें नाहीं. अशा रोग्यास ताप आला, कीं नातलगांच्या तोंडून पहिला शब्द निघतो, "पथ्य पाळलें नसेल!" कित्येकदा तें खरेंहि असतें, औषध चुकविणें हा दोष लहान नव्हे. परंतु वरील यादी पुन्हां वाचून पाहावी. दात्याच्या देहांतला विषाणु, बालपणीं शिरलेला क्षय, वय, वैद्यानें ठरविलेली मात्रा, यांतील कोणती गोष्ट रोग्यानें निवडली? जी त्यानें निवडली नाहीं तिचा दोष त्याच्या माथीं मारणें हा न्याय नव्हे. ती केवळ आपल्या मनाची सोय आहे; कारण दोष त्याचा ठरला म्हणजे आपण मोकळे होतों.

आतां असा एक गृहस्थ पुण्याच्या रुग्णालयांतून माळेगांव बुद्रुक येथें घरीं परतला आहे, अशी कल्पना करावी. मूत्रपिंड आईनें दिलेलें. आपल्या देशांत जिवंत दात्यांत स्त्रियाच अधिक, हेंहि येथें लक्षांत ठेवावें. घरामागें गोठा, त्यापलीकडे शेणखताचा ढीग, आणि गळिताच्या हंगामांत चिपाडाची धूळ. कुजका पाला, ओली वैरण व खत यांत ॲस्परजिलस नांवाची बुरशी वाढते. निरशा दुधांतून जंतु येतात. अनवाणी पायांवाटे मातींतले कृमि शिरतात. खत उकरूं नये, दूध उकळून प्यावें, जोडा घालावा, हें तो एकटा करूं शकतो. परंतु पंधरा दिवस खोकत असूनहि थुंकी तपासून न घेणारा पाहुणा त्याच्या ओसरीवर गप्पा मारीत बसला तर? आषाढीच्या वारींत तुकोबांची पालखी बारामतीस मुक्कामाला येते. त्या गर्दीपासून दूर राहणें त्याच्या हातीं आहे. पण गर्दींतून ताप घेऊन परतलेल्या शेजाऱ्यानें चार दिवस त्याच्या घरीं न जाणें हें कोणाच्या हातीं? घरच्यांनीं वेळच्या वेळीं लस टोंचून घेणें, हें तरी कोणाच्या हातीं?

यावर कोणी म्हणेल, कीं रोग झाल्यावर औषधें आहेतच. आहेत, पण त्यांतहि पेंच आहे. क्षयावरील रिफाम्पिसीन हें उत्तम औषध यकृताला असें कांहीं चेतवितें, कीं अवयव राखणारीं औषधें रक्तांतून लवकर नाहींशीं होतात. पहारा जागा करावा तर अवयव जातो, आणि निजलेला ठेवावा तर रोग बळावतो. अशा पेंचांत वैद्यास टाकण्यापेक्षां खोकणाऱ्यानें तोंडावर रुमाल धरणें पुष्कळ सोपें.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एकास असें जपावयाचें म्हणजे नवें सोंवळेंच नव्हे काय, आणि जुनें सोंवळें मोडण्यासाठीं आपण इतका झगडा केला तो कशास? आमचें उत्तर असें आहे. जुन्या सोंवळ्यानें बळवंतानें दुर्बळास दूर लोटलें, आणि त्यांत तिरस्कार होता. येथें बळवंतानें दुर्बळासाठीं स्वतःस थोडें आवरावयाचें आहे, आणि त्यांत आदर आहे. बाह्य आचार सारखे दिसले तरी हेतु उलटा असल्यामुळें नीतीच्या दृष्टीनें ते एक नव्हेत. याच कारणास्तव अशा माणसास कायमचें खोलींत कोंडणें हाहि उपाय नव्हे. आईनें मूत्रपिंड दिलें तें मुलानें खिडकींतून जग पाहत बसावें म्हणून दिलेलें नाहीं. त्यानें शेताच्या बांधावर जावें, पंक्तीला बसावें, मुलाबाळांत असावें, म्हणून तें दिलें. तितकें जग त्याला निर्धोक करून देणें हा त्या दानाचाच उरलेला भाग आहे, आणि तो शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं द्यावयाचा आहे.

या भागाची स्तुति कोणी करणार नाहीं. खोकला आला म्हणून भेटीस न गेलेल्या माणसाची कथा पुराणांत लिहिली जात नाहीं, आणि त्याचा सत्कारहि होत नाहीं. तथापि दाता एकदांच देतो. तें दान जिवंत राखण्याचें काम मात्र रोजचें आहे. दधीचीचें नांव अभिमानानें घेणाऱ्या समाजानें हें लहानसें रोजचें काम आपलें मानलें, तरच त्या अभिमानाला कांहीं अर्थ आहे, असें आम्हांस वाटतें.