ऐकीव निरोपाचा भार

पावसाळा लागला म्हणजे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ह्या उपनगरांत दोन गोष्टी बरोबरच वाढूं लागतात. एक रस्त्यांवरचें पाणी व दुसरी निरोपांची संख्या. पूर्वीं निरोप माणसाच्या तोंडून येत, हल्लीं ते मोबाइलवर येतात. कोठें पूल खचला, कोणत्या औषधानें ताप उतरला, कोणत्या नळाचें पाणी बिघडलें, हें सर्व सकाळचा चहा होण्यापूर्वींच आपणांस कळतें, आणि आपण तें लागलेंच दुसऱ्यांस कळवितों. खेड्यांतील आमच्या वाचकांच्या हातींही आतां तेंच यंत्र आलें आहे. म्हणून हा विषय त्यांच्यापुढें मांडितों. प्रश्न असा कीं, चांगल्या हेतूनें पुढें पाठविलेली गोष्ट खोटी निघाली, तर तिचा दोष पाठविणाऱ्याकडे येतो कीं नाहीं?

बहुतेकांचें उत्तर ‘नाहीं’ असेंच येईल. आम्हीं कांहीं ती गोष्ट रचिली नाहीं. आली तशी दिली. खरी असली तर कोणाचें भलें होईल, खोटी असली तर काय गेलें? आम्हीही असेंच म्हणत होतों. मागें एका पावसाळ्यांत एका स्नेह्याकडून आम्हांस एका काढ्याची कृति आली. पावसांतला कोणताही ताप ह्या काढ्यानें तीन दिवसांत उतरतो, असें तींत लिहिलें होतें, व खालीं कोणा डॉक्टराचें नांवही होतें. आम्हीं ती मोठ्या प्रेमानें बाराचौदा घरीं पाठविली. त्यांत बोरिवलीच्या बाजूस राहणारी एक बाई होती. तिचा मुलगा कामावरून गुडघाभर पाण्यांतून चालत घरीं आला होता. आठवड्यानें त्याला ताप भरला, पोटऱ्या ठणकूं लागल्या, डोळे लाल झाले. बाईनें आमचा काढा दिला आणि तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशीं डोळे पिवळे दिसूं लागले, तेव्हां त्याला इस्पितळांत नेलें. तो ताप लेप्टोस्पायरोसिसचा होता.

हा रोग उंदरांच्या व इतर जनावरांच्या मूत्रांतून पाण्यांत व चिखलांत मिसळणाऱ्या जंतूंपासून होतो. पायाला कोठें खरचटलें असलें तर तेथून ते शरीरांत शिरतात. भातखाचरांत राबणाऱ्यांसही तो होतो, हें आमच्या कोंकणांतील वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. लवकर ओळखला तर साध्या प्रतिजैविक औषधानें बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडांवर व यकृतावर घाला पडतो. म्हणूनच पुराच्या पाण्यांतून चाललेल्यांनीं ताप येण्याची वाट न पाहतां डॉक्टरास विचारून डॉक्सीसायक्लीनची प्रतिबंधक गोळी घ्यावी, असें मुंबई महानगरपालिका पावसाळ्यांत सांगत असते. त्या बाईच्या बाबतींत तो अमूल्य वेळ आमच्या काढ्यानें खाल्ला. मुलगा बऱ्याच दिवसांनीं उठला. बाईनें आम्हांस एक शब्दही लावून म्हटला नाहीं. उलट “आपण काळजीनेंच पाठविलें होतें,” असें म्हणाली. तें वाक्य आम्हांस फार टोंचलें. काळजी आमची होती, आणि दिवस गेले ते त्या मुलाचे.

कोणी म्हणेल, हा सर्व यंत्राचा दोष आहे. तसें आम्हांस वाटत नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां आजच्यासारखे मोबाइल कोणाजवळ नव्हते. दोन दिवसांनीं, २८ तारखेच्या रात्रीं, जुहूजवळच्या नेहरूनगर वस्तींत कोणी ओरडलें कीं धरण फुटलें. कोणी म्हणालें, समुद्र आंत येत आहे. धरण फुटलें नव्हतें व समुद्रही जागचा हलला नव्हता. परंतु अरुंद गल्ल्यांतून माणसें जीव घेऊन पळालीं, आणि जीं पडलीं तीं पायांखालीं तुडविलीं गेलीं. अनेक जण मेले. त्यांत लेंकरेंही होतीं. ओरडणारांपैकीं एकाच्याही मनांत शेजाऱ्याचें वाईट नव्हतें. ते त्याला वांचवूंच पाहत होते!

यंत्रानें इतकेंच केलें कीं गल्लीची हांक जिल्ह्याच्या जिल्ह्यांत पोंचूं लागली. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें बाजाराच्या दिवशीं पांच माणसें आलीं. तीं मंगळवेढ्याकडचीं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचीं, भिक्षेवर पोट भरणारीं. मुलें पळविणाऱ्या टोळ्या फिरत आहेत, असे निरोप त्या दिवसांत मोबाइलवरून त्या भागांत पसरले होते. जमावानें त्या पांचांस ठार मारिलें. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें आपल्या देशांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पाठवितां येऊं नये असें बंधन घातलें. बंधन योग्यच होतें. पण ज्या आईबापांनीं पोरांच्या काळजीनें तो निरोप पुढें दिला, त्यांचा ह्या पांच मृत्यूंत कांहींच वांटा नव्हता, असें म्हणण्यास आमची जीभ वळत नाहीं.

गंमत अशी कीं, आपल्या पैशांच्या बाबतींत आपण सावध होऊं लागलों आहों. बँकेच्या नांवानें कोणी ओटीपी मागितला तर देऊं नये, फसवणूक झाल्यास १९३० ह्या क्रमांकावर लागलीच कळवावें, हें पुष्कळांस ठाऊक झालें आहे. दुसऱ्याच्या जिवाच्या बाबतींत मात्र ती सावधगिरी सुटते.

येथें एक खरी अडचण आहे, ती टाळतां येत नाहीं. पाणी चढत असतां शोध करीत बसलें तर माणसें बुडतील. २६ जुलैच्या संध्याकाळीं ज्यांनीं “वर चढा, पाणी आलें,” अशी हांक दिली, त्यांनीं कोणास विचारिलें नव्हतें, आणि त्यांच्या हांकेनें लोक वांचले. मग त्यांच्यांत व नेहरूनगरांत ओरडणारांत भेद कोणता? आमच्या मतें भेद हा कीं, पहिल्यांनीं पाणी डोळ्यांनीं पाहिलें होतें. ती साक्ष होती. दुसऱ्यांनीं साक्षीचा नुसता आवाज काढिला. दहा आज्ञांत खोट्या साक्षीचा निषेध आहे तो आपण न्यायालयापुरता समजतों. पण “लोक म्हणतात” एवढ्या आधारावर न पाहिलेल्या गोष्टीस आपलें नांव जोडणें हीही साक्षच आहे, कारण ऐकणारा त्या गोष्टीवर नव्हे तर आपणांवर विश्वास ठेवितो. त्या बाईनें काढ्यावर विश्वास ठेविला नव्हता, आम्हांवर ठेविला होता.

मुंबईंत १८९६ सालीं प्लेग आला तेव्हां, रोग्यांस इस्पितळांत मारून टाकितात अशी वदंता उठली, व ऑक्टोबरांत गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. त्याच सुमारास डॉ. हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजांतील लहानशा जागेंत प्लेगची लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. औषधाविषयीं बोलण्याचा अधिकार त्यांनीं असा मिळविला. आपणांस एवढें करावें लागत नाहीं, “हें आपणांस कोणीं सांगितलें?” एवढें विचारावें लागतें.

तेंही सोपें नाहीं. मुलुंडचे आमचे एक वडीलधारे स्नेही रोज पहाटे असे निरोप धाडतात. परवां मधुमेहाच्या गोळ्या बंद करण्याविषयींचा निरोप आला, तेव्हां आम्हीं फोन करून नम्रपणें विचारिलें, “काका, हें कोणाकडून आलें?” ते दुखावले. “म्हणजे मी खोटें सांगतों काय?” असें म्हणून त्यांनीं फोन ठेविला. ते स्वतःही मधुमेहाच्या गोळ्या घेतात. उद्यां सकाळच्या गाडीनें मुलुंडास जाण्याचा आमचा बेत आहे.