नळ आला, पाणवठा गेला

महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट आपण २० मार्च १९२७ या दिवसापाशी थांबवतो. मला तिचा मागचा-पुढचा भाग जास्त बोलका वाटतो. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेनेही तसे ठरवले. तळे मात्र बंदच राहिले. बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागून हजारोंनी ते पाणी प्यायल्यावर सत्याग्रहींना मारहाण झाली, शेण-गोमूत्र-दूध-दह्याच्या १०८ घागरींनी तळे ‘शुद्ध’ केले गेले, नगरपालिकेने आपला ठरावच फिरवला. विरोधकांनी न्यायालयात अनादी वहिवाटीचा दाखला दिला. ती वहिवाट सिद्ध होत नाही, हे उच्च न्यायालयाने सांगितले १९३७ मध्ये. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे!

पुढे स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली. तरी १९७० च्या दशकात बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावोगाव फिरावे लागले.

मग घरोघर नळ आले आणि भांडण मिटल्यासारखे वाटले. ते मिटले नव्हते. एका विहिरीवर सगळ्यांचे पोहरे पडण्याआधीच विहिरीची गरज संपली. बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरला, ही मोठी गोष्ट आहे. ती मी कमी लेखणार नाही. पण गावाला जे करायचे नव्हते, ते न करताच गाव सुटले. उन्हाळ्यात टँकर येऊन विहिरीत पाणी ओततो, तेव्हा आधी कोणी शेंदायचे हा जुना प्रश्न अनेक ठिकाणी पुन्हा उभा राहतो.

आता तीच वाट आपण सरकारी निधीतून पक्की करतो आहोत. दलित वस्तीला वेगळी टाकी, वेगळे समाजमंदिर, वेगळी स्मशानभूमी. पाण्याच्या नळापासून स्मशानभूमीपर्यंत कुठेही अस्पृश्यतेपोटी अडवणे हा १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी कितीतरी गावांत सरण कुठे रचायचे हे जात ठरवते. दारात प्रेत असलेल्या कुटुंबाला ‘समता येईपर्यंत थांबा’ असे कोणी म्हणू नये. त्यांना जागा आजच हवी. पण दुसऱ्या स्मशानभूमीसाठी पैसा मागणारा ठराव ग्रामपंचायतीकडून आला, की पहिल्या जागेत कोणाला, कोण आणि का अडवते, हे तहसीलदाराने लेखी विचारावे आणि ते उत्तर ग्रामसभेत मोठ्याने वाचले जावे.