पडलेल्यानें केव्हां उठावें ?

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या भाच्याच्या शाळेचा कबड्डीचा सामना पाहावयास आम्ही गेलों होतों. भाचा पंधरा वर्षांचा, चढाईंत मोठा चपळ. उत्तरार्धांत एका पकडीच्या झटापटींत प्रतिपक्षाच्या गड्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. पोर क्षणभर मातींत पडून राहिलें. मग उठलें, कपाळावरची माती पुसली, आणि पुन्हां चढाईस गेलें. मैदानाभोंवतीं टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांत आमच्याही टाळ्या होत्या. शेवटचा निर्णायक गुण त्यानेंच आणला. घरीं परततांना रिक्षांत त्यानें आम्हांस विचारलें, "मामा, सामना कोणीं जिंकला ?" आम्हांस तो विनोद वाटला, आणि आम्ही मोठ्यानें हसलों.

तो विनोद नव्हता हें चार दिवसांनीं कळलें. मुलगा एकच पान पुनःपुन्हां वाचीत असे; दिव्याकडे त्याला पाहवत नसे; धाकट्या बहिणीच्या नुसत्या बडबडीनें त्याचें डोकें उठे. डॉक्टरांनीं मेंदूस हादरा बसल्याचें निदान केलें. त्यांच्या भाषेंत यालाच कन्कशन म्हणतात. पुढें मुलगा पूर्ण बरा झाला, हें वाचकांच्या जिवाला घोर नको म्हणून आधींच सांगून टाकतों. परंतु आमच्या मनांतला प्रश्न मात्र बरा झाला नाहीं. ज्या कृत्यासाठीं आम्हीं टाळ्या वाजविल्या, तें धैर्य होतें काय ?

या दुखापतीचें स्वरूप मोठें फसवें आहे. हात मोडला तर तो लोंबतो, गुडघा फुटला तर रक्त येतें. येथें तसें कांहींच दिसत नाहीं. मेंदू हा कवटीच्या पोकळींत द्रवामध्यें तरंगणारा मऊ गोळा. डोकें एकाएकीं थांबलें किंवा गर्रकन् वळलें म्हणजे तो आंतल्या आंत हिंदकळतो व पिळला जातो. त्याच्या पेशींतील क्षारांची उलथापालथ होते. ती पूर्ववत् करण्यासाठीं पेशी अधिक इंधन मागतात, आणि नेमका त्याच वेळीं रक्ताचा पुरवठा मंदावलेला असतो. शुद्ध हरपलीच पाहिजे असें नाहीं. बहुतेकांची हरपत नाहीं. यंत्रानें काढलेल्या चित्रांत बहुधा सारें निर्दोष दिसतें. म्हणून वैद्याला अखेर रोग्याच्या तोंडाकडेच पाहावें लागतें : डोकें दुखतें का, भोंवळ येते का, मघांचें आठवतें का ?

आणि येथेंच या प्रश्नाचा खरा पीळ आहे. ज्याची साक्ष घ्यावयाची, त्या साक्षीदारालाच मार लागलेला आहे. पाय मुरगळला असतां आपणांस धांवतां येईल कीं नाहीं, याचा निवाडा पाय करीत नाहीं, बुद्धि करते. परंतु बुद्धीचें आसनच हादरलें असतां निवाडा कोणीं करावा ? १९१९ सालची नव्हे, १००च वर्षांनंतरची, २०१९ च्या ऑगस्टमधील गोष्ट घ्या. लॉर्ड्सच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ ८० धावांवर असतां जोफ्रा आर्चरचा चेंडू त्याच्या मानेवर, कानाखालीं बसला. तो बाहेर गेला, डॉक्टरांच्या चांचण्यांतून पार पडला, पुन्हां खेळावयास आला व ९२ धावांवर बाद झाला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मात्र लक्षणें दिसूं लागलीं, आणि त्याच्या जागीं मार्नस लाबुशेन खेळला. येथें कोणीं लबाडी केली नव्हती. तज्ज्ञांच्या परीक्षेंतूनही जी इजा पहिल्या घटकेस निसटूं शकते, तिच्याविषयीं "मला कांहीं झालें नाहीं" या खेळाडूच्या शब्दाची किंमत ती काय धरावी ?

कोणी म्हणेल, अशा शंकाकुशंकांनीं तरुणांचें पाणीच मराल. पडलेल्यानें उठावें, दुखणें गिळावें, आपल्या माणसांसाठीं झुंजावें, हेंच तर मैदान शिकवितें. या म्हणण्यांतील सत्यांश आम्ही नाकारीत नाहीं. खरचटलेल्या ढोंपरासाठीं घर डोक्यावर घेणारी पिढी आम्हांसही नको आहे. परंतु धैर्य म्हणजे काय, याचा नीट विचार करावयास हवा. पुढें संकट आहे हें जो जाणतो, तें किती मोठें आहे याचा अंदाज घेतो, आणि तरीही कर्तव्य म्हणून पाऊल टाकतो, त्याला आपण धीर म्हणतों. झोंपेंत कड्यावरून चालणाऱ्यास कोणी शूर म्हणत नाहीं. त्या दिवशीं आमचा भाचा ज्या सामन्यांत लढत होता, त्या सामन्याचें स्मरणही त्याला राहिलें नाहीं. तें चालणें झोंपेंतलें होतें. आणि कड्याखालीं उभे राहून आम्ही टाळ्या पिटीत होतों.

बरें, निवाडा खेळाडूनें करूं नये, तर संघानें करावा काय ? संघाला जिंकावयाचें असतें. या बाबतींत इतिहासाची साक्ष उत्साहवर्धक नाहीं. १९२८ सालीं अमेरिकेंत न्यू जर्सी येथील हॅरिसन मार्टलंड या वैद्यानें मुष्टियोद्ध्यांच्या विस्कळित होत जाणाऱ्या मेंदूविषयीं निबंध लिहिला. वर्षानुवर्षें डोक्यावर ठोसे खाल्लेला योद्धा पुढें दारू न पितांही झोकांड्या खातो, हें प्रेक्षकांस ठाऊक होतें. त्यांनीं त्याला थट्टेचें नांवही देऊन ठेविलें होतें. २००२ सालीं अमेरिकन फुटबॉलचा नामांकित खेळाडू माइक वेब्स्टर वारला. पिट्सबर्ग येथें बेनेट ओमालू यांनीं त्याच्या मेंदूची तपासणी केली आणि त्यांत दिसलेल्या ऱ्हासाचा वृत्तांत २००५ सालीं प्रसिद्ध केला. तेव्हां त्या खेळाच्या व्यावसायिक संघटनेनें नेमलेल्या समितीच्या डॉक्टरांनींच तो निबंध मागें घ्यावा अशी मागणी केली. एका हादऱ्यानें असा ऱ्हास होतो, असा याचा अर्थ नव्हे. तो वर्षानुवर्षांच्या आघातांचा प्रश्न आहे. परंतु ज्याचें मीठ खावें त्याच्या सोयीचें तेंच डोळ्यांस दिसूं लागतें, हा मनुष्यस्वभाव विद्वानांनाही चुकत नाहीं, एवढें यावरून दिसतें.

म्हणून ज्याला जयापजयाचें सोयरसुतक नाहीं अशा माणसाच्या हातीं हा निवाडा असावा, याकडे जगाचा कल झाला आहे. वॉशिंग्टन या अमेरिकन संस्थानांत एक तेरा वर्षांचा मुलगा डोक्यास मार बसल्यावरही खेळला व जन्माचा अपंग झाला. त्यानंतर २००९ सालीं तेथें कायदा झाला : संशय आला कीं मुलास बाहेर काढावें, आणि वैद्यकीय परवानगीवांचून परत घेऊं नये. २०१९ च्या ऑगस्टपासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटनेंही अशा गड्याच्या जागीं बदली गडी घेण्याची मुभा दिली.

आतां या उदारपणाचीही एक किंमत आहे. ३१ जानेवारी २०२५ रोजीं पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध शेवटच्या षटकांत शिवम दुबेच्या शिरस्त्राणावर चेंडू आदळला. त्याच्या जागीं हर्षित राणा आला. त्यानें तीन बळी घेतले, आणि भारतानें १५ धावांनीं सामना जिंकला. फलंदाजीवर भर असणाऱ्याच्या जागीं तेज गोलंदाज कसा, असा आक्षेप इंग्लंडचा कर्णधार जॉस बटलर यानें उघड घेतला. बदली गडी कोणता असावा हा वाद रास्त आहे, आणि नियम घट्ट करून तो मिटवितां येईल. परंतु अशा वादाच्या भरांत दुखापतीविषयींच संशय घेण्याची संवय जडली, तर अनर्थ होईल. न दिसणाऱ्या दुखण्यावर विश्वास ठेवावयाचा म्हटला कीं केव्हां तरी फसणें आलेंच. दहा खऱ्यांचे मेंदू वांचत असतील, तर एका खोट्यानें पळविलेला गुण समाजानें सोसावा, असें आमचें मत आहे.

उपचारांच्या इतिहासांतूनही एक बोध घेण्यासारखा आहे. कांहीं वर्षांपूर्वीं अशा रोग्यास अंधाऱ्या खोलींत पूर्ण विश्रांति द्यावी, वाचन, गप्पा, फिरणें सर्व बंद करावें, असें पुष्कळ ठिकाणीं सांगत. आज तें मत मागें पडलें आहे. २०२२ सालीं अॅम्स्टरडॅम येथें जमलेल्या तज्ज्ञांनीं पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांति, नंतर हलकें चालणें-फिरणें, मग अभ्यास, आणि सर्वांत शेवटीं झटापटीचा खेळ, अशा पायऱ्या सांगितल्या. अमेरिकेंतील जॉन लेडी व त्यांचे सहकारी यांनीं २०१९ सालीं १०३ किशोरवयीन खेळाडूंवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत लक्षणें फारशीं बळावणार नाहींत इतपत व्यायाम करणारांस बरें होण्यास मध्यमानानें १३ दिवस लागले. नुसते अंग ताणण्याचे प्रकार करणारांस १७. ज्याला घाईनें मैदानांत ढकलणें चूक, त्याला मायेनें कोठडींत कोंडणेंही चूकच. आमच्या बहिणीनेंही प्रथम मुलाच्या खोलीचे पडदे ओढून घेतले होते. डॉक्टरांनीं तिसऱ्या दिवशीं ते उघडविले व त्याला संध्याकाळीं अंगणांत फिरावयास पाठविलें. कठोरपणा आणि कनवाळूपणा हे दोन्ही आपल्याच मनाची समजूत घालीत होते. मुलाला काय हवें, हें दोघांनींही विचारलें नव्हतें.

पांच आठवड्यांनीं, डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर, भाचा पुन्हां संघांत गेला. त्यापूर्वीं एक सामना त्याला बाहेर बांकावर बसून पाहावा लागला, आणि त्यांत त्याचा संघ दोन गुणांनीं हरला. त्याच्या मुठी वळत होत्या. ओठ दांतांखालीं होता. सवंगडी त्याच्याकडे पाहत होते, आणि तो काय सोसतो आहे हें त्याला पुरतें ठाऊक होतें. आमच्या मतें धैर्य होतें तें त्या बांकावर. त्या दिवशीं मात्र मैदानाभोंवतीं कोणीं टाळी वाजविली नाहीं. आम्हीही नाहीं वाजविली. आम्ही केवळ त्याच्याजवळ जाऊन बसलों.