महाराजांनी वाचवलं, मग रडू का येतं?



मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाला आपल्याकडं दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. पहिलं, "महाराजांनी वाचवलं बघा." दुसरं थोड्या दिवसांनी, जरा दबक्या आवाजात, "आता सगळं बरं आहे की, मग असं तोंड पाडून का बसायचं?" दोन्ही वाक्यं मायेनंच बोलली जातात. पण दोन्ही एकत्र आली की त्यांतून एक अवघड प्रश्न तयार होतो. गुरुकृपेनं ज्याचा जीव वाचला, त्यानं उदास होणं हा कृतघ्नपणा आहे का? दत्तजयंतीच्या अंकात आजारपणाचं कशाला, असं काहींना वाटेल. पण हा अंक हातात घेणाऱ्यांतच हे सोसलेले पुष्कळजण असणार, म्हणून लिहितो.

मी पन्हाळ्याला राहतो, गडावरच. शाळेतून निवृत्त झालो त्याला आता बरीच वर्षं झाली. जून 2021 मध्ये मला कोरोना झाला. राज्यात इतर ठिकाणी दुसरी लाट ओसरत होती, पण आमच्या कोल्हापूर-सांगलीकडं रुग्ण काही कमी होईनात. खाली कोल्हापुरात एका दवाखान्यात अकरा दिवस ऑक्सिजनवर होतो. शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ होते, वाडीची पौर्णिमा न चुकवणारे. उशाशी पादुकांचा फोटो. मास्कमुळं बोलता यायचं नाही, पण माझ्याकडं बघून ते बोटांची पेरं मोजल्यासारखी खूण करायचे. म्हणजे जप चालू आहे. आठव्या दिवशी पहाटे बघतो तर त्यांची खाट रिकामी, चादर बदललेली.

मी घरी आलो. दारात औक्षण झालं, पेढे वाटले गेले. आणि महिनाभरात माझी झोप उडाली.

पहाटे तीनला जाग यायची. बोटाला ऑक्सिमीटर लावून बघायचा, आकडा 97. पाच मिनिटांनी पुन्हा 97. तरी छाती धडधडायचीच. मोबाईलची बारीक टुकटुक ऐकली तरी अंगाला घाम. विद्यार्थ्यांची नावं तीस वर्षं पाठ असलेला मी, पण घरासमोरच्या दुकानदाराचं नाव आठवायला वेळ लागायचा. आणि पोथी! ओवीवरून डोळे फिरायचे, ओठ हलायचे, पण आत काही उतरायचंच नाही. त्यात जुलैच्या अतिवृष्टीत गडावर येणारा मुख्य रस्ता खचला आणि वाहतूक बंद झाली. धुकं, पाऊस, सुनसान रस्ते. गडावरचे व्यापारी हवालदिल झाले होते, पण मला मात्र कुणी येणार नाही याचं बरंच वाटायचं.

त्या वर्षी दत्तजयंती 18 डिसेंबरला होती. दरवर्षीप्रमाणं सप्ताहाला बसायचं ठरलं आणि मला जमेना. नात्यातल्या एक काकू म्हणाल्या, "एवढं मरणाच्या दारातून महाराजांनी ओढून आणलं आणि सप्ताहाला बसायला जड होतंय होय रे?" काकूंचा राग नाही. त्यांनी जे बोलून दाखवलं, तेच माझंही मन मला रोज रात्री ऐकवत होतं.

आता थोडं वैद्यकाचं. शरीरातून रोगजंतू गेला म्हणजे आजार संपला, असं डॉक्टरसुद्धा आता म्हणत नाहीत. एप्रिल 2021 मध्ये 'द लान्सेट सायकियाट्री' या नियतकालिकात ऑक्सफर्डच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. कोरोना झालेल्या 2,36,379 लोकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यातले बहुतेक अमेरिकेतले. सहा महिन्यांच्या आत साधारण 34 टक्के लोकांच्या नोंदीत मेंदूचा किंवा मनाचा काही विकार आढळला. यात आधीपासून त्रास असलेलेही आले, पण असा विकार पहिल्यांदाच झालेले 13 टक्के होते. हे काही कोरोनाचंच नवं खूळ नव्हे. 1918 च्या ज्या साथीला आपले आजे-पणजे मानमोडी म्हणायचे, त्या इन्फ्लुएंझानंतर मनाचे आजार झालेल्या रुग्णांविषयी अमेरिकेतल्या कार्ल मेनिंजर या डॉक्टरांनी 1919 मध्येच लिहून ठेवलं आहे. कारणं अनेक सांगतात. शरीरात झालेला दाह, कमी पडलेला प्राणवायू, स्टिरॉइडसारखी औषधं, अतिदक्षता विभागातला तो दिवस-रात्र न कळणारा उजेड, आणि आपल्या माणसांचं तोंडही न दिसणं. यात श्रद्धा कमी पडली म्हणून, असं कारण कुठं येत नाही. मधुमेह झाला तर आपण कुणाची भक्ती तपासत नाही, मग झोप उडाली तर का तपासतो?

गुरुचरित्राचा चौदावा आणि अठरावा अध्याय आपण सुटासुटासुद्धा वाचतो. तेरावा मात्र सप्ताहात दुसऱ्या दिवशी इतर अध्यायांबरोबर वाहून जातो. त्यात पोटशूळानं गांजलेला ब्राह्मण आहे. पंधरा दिवसांनी, महिन्यानं एकदा जेवायचा, कारण अन्न पोटात गेलं की मरणप्राय कळा. शेवटी कंटाळून तो गोदावरीत जीव द्यायला निघतो. श्रीनृसिंहसरस्वती स्वामींचे शिष्य त्याला महाराजांपुढं आणतात. महाराज आत्महत्येचा दोष सांगतात. तो मात्र आपल्याच पापांचा पाढा वाचतो: अन्नदान केलं नाही, अमुक केलं, तमुक केलं, म्हणून हे भोगतोय.

इथं मी दरवेळी थांबतो. दुखणाईत माणूस स्वतःवर आरोपपत्र ठेवतो ते असं. गुरुचरित्रात पूर्वकर्माचा विचार जागोजागी आहे, तो मी झाकून ठेवत नाही. पण या प्रसंगी महाराज त्या पाढ्यात भर घालत बसत नाहीत. औषध देतो म्हणतात. आणि औषध काय, तर सायंदेवाच्या घरी पोटभर जेवण! सायंदेव घाबरतो. ज्याला अन्नच वैरी, त्याला वाढलं आणि तो गेला तर हत्या आपल्या माथी. महाराज त्यालाही धीर देतात. मग तो ब्राह्मण पंक्तीला बसतो, जेवतो आणि बरा होतो.

चमत्कार आहेच, तो नाकारायचा नाही. पण माझं लक्ष दुसरीकडं जातं. जीव द्यायला निघालेल्या माणसाला आधी हाक मारणारी माणसं भेटली, मग त्याचं म्हणणं ऐकलं गेलं, मग एका घराचं दार उघडलं गेलं. "वाचलास ना, आता हस बघू," असं त्याला कुणी म्हणालं नाही. आपला 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदासुद्धा जीव द्यायला निघालेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरूनच चालतो आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य मानतो. सरकारला उशिरा सुचलं म्हणायचं.

पण मूळ काटा वेगळाच होता. मला महाराजांनी वाचवलं, तर शेजारच्या खाटेवरच्या त्या वारकऱ्याला काय केलं? त्यांचा जप माझ्यापेक्षा जास्तच होता. गडावर बाजीप्रभूंचा पुतळा मी रोज बघतो. पायथ्याच्या नेबापूरच्या शिवा काशीदांची गोष्ट मुलांना वर्षानुवर्षं शिकवली. 1660 च्या वेढ्यात ते राजांसाठी मेले, त्या मरणाला अर्थ आहे. माझ्या शेजाऱ्याच्या मरणाला असा कुठलाच अर्थ नाही. ते माझ्यासाठी मेले नाहीत, कुणासाठीच मेले नाहीत. फक्त मेले. "महाराजांनी वाचवलं" हे वाक्य मी घशाखाली उतरवू शकत नव्हतो ते यामुळं. माझ्या जगण्याला कृपा म्हणायचं असेल, तर त्यांच्या घरच्यांना मी कुठल्या तोंडानं भेटू?

पुष्कळ विचारानंतर मी एवढ्यावर आलो आहे, पटलं तर घ्या. कृपा म्हणजे परीक्षेचा निकाल नव्हे, की वाचला तो पास आणि गेला तो नापास. मी वाचलो यावरून माझ्या किंवा त्यांच्या भक्तीविषयी काहीही सिद्ध होत नाही. आणि कृपा जर फुकट मिळाली असेल, तर आनंदी चेहऱ्यानं तिची फेड करायचा हिशेबही नाही. महाराजांना आपला हसरा चेहराच लागतो, असं समजणं हे त्यांना फार लहान करणं झालं. टेंबे स्वामींची करुणात्रिपदी आपण गुरुवारी म्हणतो. घोरकष्टोद्धरण स्तोत्र त्या साथीत घरोघरी चालू होतं. नावंच बघा ना. करुणा भाकणं, घोर कष्ट सांगणं हीच तिथं भक्ती आहे. रडणं देवापुढं चालतं, मग घरच्या माणसांपुढं का चालू नये?

जानेवारी 2022 मध्ये मी मानसोपचार तज्ज्ञांकडं गेलो. घरच्यांची आधी वाडीला जायची इच्छा होती, तिथंही गेलो, दर्शन घेतलं. मनाच्या दुखण्याला बाधा म्हणून गाणगापूरला नेतात, त्यांनाही मी हसत नाही. संगमावर माणसाला मोकळं रडता येतं, ही काही लहान गोष्ट नाही. पण गोळी बंद करून तिकडं नेऊ नका. वाडीचे लोक पूर पाहिलेले आहेत. दरवर्षी कृष्णेचं पाणी मंदिरात येतं, 2021 च्या जुलैत तर गावभर शिरलं. पाणी उतरलं म्हणजे झालं, असं तिथं कुणी म्हणत नाही. मग गाळ उपसायचा असतो, दिवसचे दिवस, फावड्यानं. तिथंही महाराज आहेतच, पण गाळ माणसंच काढतात.

डॉक्टरांनी चमत्कारिक काही विचारलं नाही. झोप, भूक, भीती, मरावंसं वाटतं का, एवढंच. गोळ्यांनी तीन-चार आठवड्यांत झोप आली, आठ महिन्यांनी त्यांनीच हळूहळू बंद केल्या. पोथी पुन्हा वाचता येऊ लागली ती त्याच्याही नंतर. शेजारच्या खाटेची आठवण गेलेली नाही. ती जावी असं वाटतही नाही.

सध्या आमच्या ओळखीतल्या एक वहिनी आहेत. क्षयाचा सहा महिन्यांचा कोर्स पुरा झाला, रिपोर्ट स्वच्छ आला. घरात आनंद, आणि त्या मात्र स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेल्या. गुरुवारी आरतीला आल्या तेव्हा मी पेढा हातात ठेवला आणि विचारलं, "वहिनी, रात्री झोप लागते का?" त्या गप्प राहिल्या आणि मग बराच वेळ बोलल्या. केंद्र सरकारच्या टेलिमानसचा नंबर, 14416, त्यांच्या मुलाच्या फोनमध्ये घालून दिला आहे. तिथं मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. सोमवारी त्यांना घेऊन खाली कोल्हापूरला डॉक्टरांकडं जायचं आहे. सासूबाईही येणार म्हणतात.