गोळीने राखलेलं सोवळं

गौरी-गणपती किंवा सत्यनारायणाची तारीख पाळीच्या तारखेवर आली की अनेक मराठी घरांत नॉरएथिस्टेरॉनची गोळी आणली जाते. 1951 साली मेक्सिको सिटीत प्रथम तयार झालेलं हे कृत्रिम संप्रेरक आपल्या देवघराचा पहारा करतं. ते करतं काय, हे नीट पाहायला हवं. गर्भ राहिला नाही की शरीरातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक घसरतं, गर्भाशयाचं अस्तर सुटतं आणि रक्तस्राव होतो. पाळीच्या साधारण तीन दिवस आधीपासून 5 मिलिग्रॅमची गोळी, बहुधा दिवसातून तीनदा घेतली, की प्रोजेस्टेरॉनची जागा ती भरून काढते आणि अस्तर जागच्या जागी राहतं. गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. म्हणजे ज्याला विटाळ म्हणायचं ते सगळं पूजेच्या वेळी शरीरातच असतं, आणि तरी ती बाई सोवळ्यात मानली जाते. मग हे सोवळं तिच्या भक्तीतून आलं की औषधाच्या मात्रेतून? मात्रेतूनच आलं असेल, तर त्याचा देवाशी काही संबंध उरत नाही, असं मला वाटतं. देह विटाळातूनच घडतो, मग विटाळावेगळं कोण, हा प्रश्न संत सोयराबाईंनी चौदाव्या शतकातच अभंगातून विचारला होता. त्याला उत्तर न देता आपण गोळी शोधली.

यावर कोणी म्हणेल, विधीची शुद्धी बाहेरचीच असते, स्नानही बाहेरचंच. मान्य. पण मग स्नानाने भागायला हवं. शिवाय आजारी माणसाला आणि गरोदर बाईला उपासातून सूट देणारी आपली परंपरा धडधाकट शरीराला औषध घ्यायला लावत नाही. हे औषध तसं निरुपद्रवीही नाही: त्याचा थोडा अंश शरीरात एथिनाइल एस्ट्रॅडिऑल या कृत्रिम इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या किंवा यकृताचा गंभीर आजार असलेल्या बाईला ते धोक्याचं ठरू शकतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बाईच स्वखुशीने गोळी घेते, तर तिला अडवणारे आपण कोण? तिला अडवू नये, दोषही देऊ नये. डॉक्टरांना विचारून तिने जरूर घ्यावी. मात्र पाळी आली तरी आरतीचं तबक तुझ्याच हाती राहील, असं घराने तिला आधी सांगितलेलं असेल, तरच त्या खुशीला खुशी म्हणता येईल. बहुतेक घरांत हे कोणी सांगत नाही, आणि गोळी आणायला मात्र घरातलंच कोणीतरी लगबगीने जातं.