पाकज माधुर्य : जिन श्वेन चहा आणि स्वभावाचा प्रश्न

तैवानमध्ये पिकणाऱ्या 'जिन श्वेन' या ऊलाँग चहाचे वर्णन करताना 'दुधाळ' आणि 'नैसर्गिक गोड' ही दोन विशेषणे हमखास वापरली जातात, आणि काटेकोरपणे पाहिले तर दोन्ही अडचणीत टाकणारी आहेत. या चहात दूध नसते, जिभेला गोड लागावे इतकी साखरही नसते. आणि ज्याला निव्वळ निसर्गाचे म्हणावे असेही त्यात थोडेच उरते, कारण त्याचे झाड संशोधन केंद्रात संकर करून निवडलेले आहे आणि त्याचे पान पेल्यात पडण्यापूर्वी ऊन, हात आणि आच या तिन्हींतून गेलेले असते. तरीही तो नीट मुरवून प्यायला की सायीची आठवण करून देणारा स्निग्ध गोडवा जाणवतो, आणि हा अनुभव इतक्या जणांना इतक्या वेळा येतो की त्याला भ्रम म्हणून बाजूला सारता येत नाही. मग ही गोडी नेमकी कोणाची, पानाची, पाण्याची, आगीची की पिणाऱ्याची, आणि तिला 'स्वाभाविक' म्हणताना काय म्हटले जाते, हा प्रश्न उरतो.

हा प्रश्न भारतीय दर्शनांच्या परिभाषेत मांडणे म्हणजे परक्या वस्तूवर आपली चौकट लादणे, असा आक्षेप कोणी घेईल. पण तो फारसा टिकणारा नाही. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाची मूलमाध्यमककारिका कुमारजीवाने इ. स. 409 मध्ये चिनी भाषेत आणली, आणि वैशेषिक मताचा दशपदार्थी हा छोटा ग्रंथ ह्युएन त्संगने 648 मध्ये भाषांतरित केला. चहावरील पहिला शास्त्रीय ग्रंथ 'छाजिंग' लिहिणारा लू यू 733 मध्ये जन्मला आणि बौद्ध विहारात वाढला, तेव्हा 'द्रव्य', 'गुण' आणि 'स्वभाव' यांविषयीचे हे वाद चीनमध्ये पोहोचून बराच काळ लोटला होता. लू यूने ते वाचले होते असा याचा अर्थ नाही. दोन्ही परंपरा एकमेकींना अगदीच अनोळखी नव्हत्या, एवढेच येथे पुरेसे आहे.

प्रथम झाडाविषयी. जिन श्वेन हे तैवानच्या चहा संशोधन केंद्राने 1981 मध्ये 'तैवान चहा क्रमांक 12' म्हणून प्रसृत केलेले वाण असून 'ताइनोंग 8' आणि 'यिंगझी होंगशिन' या दोन वाणांच्या संकरातून ते तयार झाले. प्रयोगाच्या काळात त्याचा क्रमांक 2027 होता, आणि आजही काही जुने शेतकरी त्याला त्याच आकड्याने ओळखतात. या कामाचे प्रमुख वू झेन-दुओ यांनी वाणाला आपल्या आजीचे नाव दिले, असे सांगितले जाते. उंच डोंगरातल्या प्रतिष्ठित 'छिंगशिन' वाणापेक्षा याचे पान मोठे, उत्पन्न अधिक आणि स्वभाव काटक. त्यामुळे नानतोउच्या सखल मळ्यांपासून आलिशानच्या उंचीपर्यंत ते पसरले. थोडक्यात, ज्याच्या गोडीला 'नैसर्गिक' म्हटले जाते ते झाड वाण म्हणून प्रसृत होऊन अर्धे शतकही झालेले नाही, आणि ते माणसाने हेतुपुरस्सर घडवलेले आहे.

आता गोडीविषयी. वैशेषिक मतानुसार रस, म्हणजे चव, हा स्वतंत्र पदार्थ नसून द्रव्याच्या आश्रयाने राहणारा गुण आहे. तो फक्त पृथ्वी आणि जल या दोन द्रव्यांत असतो, पृथ्वीत मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय असे सहाही प्रकार आढळतात, तर जलात केवळ मधुर. तो ग्रहण करणारे इंद्रिय म्हणजे रसना. गंध मात्र केवळ पृथ्वीचा गुण असून तो घ्राणेंद्रियाने कळतो, आणि रसनेचा विषय घ्राणाला किंवा घ्राणाचा रसनेला कळत नाही, हा या मताचा पक्का नियम आहे. या नियमाने पाहिल्यास जिन श्वेनच्या दुधाळपणाची पहिली गाठ सुटते, कारण तो मुळात रस नसून गंध आहे. ऊलाँग चहात जे सुगंधी अंश आढळतात त्यांत लॅक्टोन या वर्गातील संयुगे असतात, आणि त्याच वर्गातील संयुगे लोण्याला व नारळाला त्यांचा स्निग्ध वास देतात. घोट गिळताना हा वास घशाच्या मागून नाकात चढतो, आणि पिणारा तो जिभेच्या खाती जमा करतो.

परंतु गाठ अशी सुटली तरी अनुभव तसाच राहतो: पिणाऱ्याला 'वास दुधाळ आहे' असे वाटत नाही, 'चहा गोड आहे' असे वाटते. येथे न्याय दर्शनाच्या उत्तरकालीन शाखेचे, नव्यन्यायाचे, एक प्रसिद्ध उदाहरण उपयोगी पडते. दुरून चंदनाचे खोड पाहणाऱ्याला ते सुगंधी असल्याचे प्रत्यक्ष ज्ञान होते, डोळ्याने वास घेता येत नसतानाही. कारण पूर्वी घेतलेल्या वासाचे ज्ञान आताच्या दर्शनाशी जोडले जाऊन स्वतःच इंद्रियसंबंधाचे काम करते. या संबंधाला 'ज्ञानलक्षण' म्हणतात, आणि त्यातून होणारे प्रत्यक्ष 'अलौकिक', म्हणजे नेहमीच्या इंद्रियसंयोगापलीकडचे, मानले जाते. महत्त्वाचे हे की नैयायिक याला भ्रम म्हणत नाहीत. चंदन खरोखरच सुगंधी असते. केवळ ते कळण्याची वाट वेगळी असते. जिन श्वेनच्या बाबतीत मात्र एक फरक आहे, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही: दुधाची स्मृती ज्या गोडीकडे नेते ती या पेल्यात तितक्या प्रमाणात नसते. म्हणून हे ज्ञान अर्धे यथार्थ आणि अर्धे उसने आहे, असे म्हणावे लागते. दूध-साखर घालून उकळलेल्या चहाची सवय असलेल्या मराठी माणसाला हा गोडवा चटकन ओळखू येतो, याचे कारणही बहुधा त्याच्या जिभेपेक्षा स्मृतीत अधिक आहे.

पण हा गंध पानात आला कोठून, हा प्रश्न येथे सर्वांत समृद्ध आहे. खुडलेले ताजे पान दुधाळ नसते. ते आधी उन्हात पसरून सुकवतात, मग सावलीत आणून ठरावीक अंतराने हलवतात व घोळतात, त्यामुळे पानांच्या कडा एकमेकांवर घासून दुखावतात. पेशींची भिंत तुटली की आतले तुरट द्रव्य आणि विकर, म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारी प्रथिने, एकत्र येतात व हवेतील प्राणवायूशी संयोग सुरू होतो. कडा तांबूस होते, मधला भाग हिरवा राहतो, आणि याच तासांमध्ये, पान अजून जिवंतपणे दुखापतीला उत्तर देत असताना, बरेचसे सुगंधी अंश निर्माण होतात. कारागीर वासावरून वेळ ओळखतो आणि तापलेल्या फिरत्या पिंपात पाने परतून ही क्रिया थांबवतो. त्यानंतर पाने कापडात घट्ट बांधून पुन्हा पुन्हा मळतात, तेव्हा त्यांच्या गोळ्या होतात. शेवटी ती वाळवतात, आणि कधी मंद आचेवर भाजतात. हिरव्या चहात हा संयोग आरंभीच रोखतात, काळ्या चहात तो शेवटास नेतात, तर ऊलाँगमध्ये तो मध्येच अडवतात. जिन श्वेनमध्ये तर बहुधा बराच अलीकडे.

तेजाच्या संयोगाने द्रव्याचे रूप, रस, गंध आणि स्पर्श बदलणे याला वैशेषिक 'पाक' म्हणतात, आणि अशा रीतीने उपजणाऱ्या गुणांना 'पाकज'. भट्टीत तांबडा होणारा घडा आणि आंबटाचा गोड होणारा आंबा ही त्याची नेहमीची उदाहरणे. म्हणजे पाकासाठी चूलच हवी असे नाही, उन्हाची ऊबही पुरते. हा पाक नेमका कोठे घडतो यावर मात्र दोन मते झाली. वैशेषिकांच्या 'पीलुपाक' मतानुसार घडा आगीत विघटित होऊन परमाणूंपर्यंत जातो, परमाणूंचे गुण बदलतात आणि मग नवा घडा जुळून येतो. नैयायिकांच्या 'पिठरपाक' मतानुसार घडा घडाच राहतो आणि तेज त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून शिरून संपूर्ण अवयवीचेच, म्हणजे अखंड वस्तूचेच, गुण पालटते. चहाच्या पानाकडे पाहता नैयायिकांचे म्हणणे डोळ्याला पटते, कारण गरम पाण्यात गोळी उलगडली की देठासह अखंड पान पुन्हा दिसते. पण त्या पानातले संयुग मोडून दुसरे बनले असल्याने वैशेषिकांचाही मुद्दा सोडता येत नाही. दोन्ही मते एका गोष्टीवर एकत्र येतात आणि प्रस्तुत चर्चेला तेवढेच हवे आहे: पाकज गुण नवा असला तरी तो त्या द्रव्याचाच असतो, बाहेरून चिकटवलेला नसतो.

बाहेरून आलेल्या गुणाला शास्त्रात 'औपाधिक' म्हणतात. जास्वंदीच्या फुलाजवळ ठेवलेला स्फटिक तांबडा दिसतो, पण फूल दूर केले की तांबडेपणाही जातो. येथे फूल ही 'उपाधी'. बाजारात 'दुधी ऊलाँग' या नावाने विकला जाणारा बराचसा चहा या वर्गात मोडतो. कोणत्याही स्वस्त पानावर दुधाचा कृत्रिम सुवास फवारलेला असतो, आणि पाने दुधाच्या वाफेवर शिजवल्याची रम्य कथा वर सांगितली जाते. ही चिंता नवी नाही. अकराव्या शतकात त्साय श्यांग याने आपल्या 'छालू' या पुस्तिकेत नोंदवले की राजदरबारी जाणाऱ्या चहात सुवासासाठी थोडा कापूर मिसळतात, परंतु फूज्येनमधील ज्येन-आनचे लोक आपापसात चहाची परीक्षा करताना असे काही घालत नाहीत, कारण त्याने चहाचा खरा सुगंध हिरावला जाईल असे त्यांना वाटते. त्याच्याही आधी लू यूने कांदा, आले, संत्र्याची साल घालून उकळलेल्या चहाची गणना गटाराच्या पाण्यात केली होती. मीठ मात्र तो स्वतः घालत असे, हे त्याच्या शुद्धतावादी चाहत्यांना सहसा आठवत नाही.

औपाधिक गुण दोषास्पदच असतो असे मात्र नाही. जाई-मोगऱ्याच्या वर्गातील फुलांत रात्रभर ठेवून सुवासित केलेला चहा उघडपणे त्या फुलांचे नाव सांगतो, आणि त्यात फसवणूक नसते. दोष उपाधी असण्यात नसून ती लपवण्यात, म्हणजे उसन्या गुणाला स्वाभाविक म्हणून विकण्यात, आहे.

पाकज आणि औपाधिक गुणांतला भेद ओळखण्याचे साधन म्हणजे चहा करण्याची कृती, आणि या अर्थाने ती कृती परीक्षाही आहे. चीन व तैवानच्या 'गोंगफू' पद्धतीत सुमारे 100 मि.लि. मावणाऱ्या झाकणीच्या वाडग्यात किंवा लहान किटलीत 5 ते 7 ग्रॅम पाने घेऊन 90 ते 95 अंश सेल्सिअसचे पाणी ओततात, पहिला अर्क मिनिटाच्या आत गाळतात आणि त्याच पानांवर पाच-सहा वेळा पुन्हा पाणी घालतात. पाणी जड असले, म्हणजे त्यात चुन्याचे क्षार अधिक असले, की सुवास दबतो. फवारलेला वास कोरड्या पानालाच भडक येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या अर्कात ओसरतो, मागे उरते ते फिके, कधी कडवट पान. उपाधी दूर होते आणि स्फटिक स्फटिक दिसू लागतो. खऱ्या जिन श्वेनच्या कोरड्या गोळ्यांना वास बेताचाच असतो, तो ऊन पाण्यात उलगडतो, आणि मग अर्कागणिक दुधाळपणाकडून फुलांकडे आणि फुलांकडून हिरवट गोडीकडे हळूहळू सरकतो. व्यावसायिक परीक्षक तर सौम्यतेची सवलतच देत नाहीत: 3 ग्रॅम पानांवर 150 मि.लि. उकळते पाणी घालून ते पाच-सहा मिनिटे तसेच ठेवतात, जेणेकरून पानातला दोष लपू नये.

येथवर न्याय-वैशेषिकांची भेदरेषा चोख काम करते. नागार्जुन मात्र त्याआधीच एक पायरी खोदून काढतो. त्याच्या मते स्वभाव म्हणजे जे केलेले नाही आणि ज्याला दुसऱ्या कशाची अपेक्षा नाही ते. आणि असे काहीच सापडत नसल्याने वस्तू स्वभावशून्य आहेत. त्याचा भाष्यकार चंद्रकीर्ती याने या ठिकाणी जे उदाहरण घेतले आहे ते चहा करणाऱ्याच्या हाताशीच आहे. पाण्याची उष्णता पाण्याचा स्वभाव नाही, कारण ती आगीकडून आलेली आहे, हे सर्वांना मान्य असते. पण मग आगीची उष्णता तरी तिचा स्वभाव कसा, ती इंधनावर, घर्षणावर, हेतूंवर अवलंबून असताना? हाच तर्क पानाला लावला की पाकज आणि औपाधिक यांतले अंतर प्रकाराचे न राहता केवळ दूर-जवळचे राहते: कापूर बाहेरून आला तसे ऊनही बाहेरून आले, संकर करणारा हातही बाहेरूनच आला. तरीही या तर्काने भेसळ करणाऱ्याची सुटका होत नाही, कारण सर्व काही सापेक्ष आहे असे म्हणणाऱ्यालाही कोणते कशाच्या अपेक्षेने आहे हे खरे सांगावेच लागते, आणि नागार्जुनाच्या अनुयायांचा, म्हणजे माध्यमिकांचा, व्यवहारसत्याचा विचार हे नाकारत नाही.

उरते ती गिळल्यानंतरची गोडी. चिनी चहारसिक तिला 'ह्वेइगान', म्हणजे परतून येणारा गोडवा, म्हणतात: तुरटपणा विरतो आणि काही क्षणांनी घशात गोडी उमटते, जी पेला रिकामा असतानाही टिकते. आवळा खाऊन वर पाणी पिणाऱ्या कोणाही मराठी मुलाला ही गोडी ठाऊक असते. विश्वनाथ न्यायपंचानन यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या न्यायसिद्धांतमुक्तावलीत जलाचा रस मधुर असल्याचे दाखवताना नेमका हाच दाखला, आवळ्याऐवजी हिरड्याचा, दिला आहे. हिरडा तुरट असतो. तो खाल्ल्यावर पाणी गोड लागते ते हिरड्यामुळे गोड झालेले नसते, तर पाण्याची मुळातली अस्फुट गोडी त्याने प्रकट केलेली असते. हिरडा तिचा उत्पादक नव्हे, व्यंजक. हिरड्यातच नवा रस उपजतो असे का मानू नये, या शंकेला तेथे उत्तर मिळते ते कल्पनागौरवाचे, म्हणजे तसे मानल्यास विनाकारण अधिक गोष्टी गृहीत धराव्या लागतात असे. आजचे शरीरविज्ञान हिरडा आणि पाणी दोन्ही सोडून मुख्यतः जिभेकडे बोट दाखवते.

सहाव्या-सातव्या अर्कात, पान जवळजवळ निथळून गेल्यावरही, जी फिकट गोडी लागते तिच्याविषयी नैयायिक म्हणेल की ती आता पाण्याचीच आहे, आणि गुण द्रव्यात असणे व तो कोणाला कळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. माध्यमिक विचारेल की जी गोडी व्यंजकावाचून कोणी कधी चाखली नाही, ती पाण्याची हे कशावरून ठरवले. भेसळीच्या प्रश्नात न्यायाचे पारडे जड असले तरी या प्रश्नात ते तसे राहत नाही, कारण लाघवाचा, म्हणजे कमीत कमी गृहीत धरण्याचा, जो नियम त्याने हिरड्याविरुद्ध वापरला तोच येथे त्याच्या अस्फुट जलरसाविरुद्ध उलटतो.