मुंगीचा अपराध

नीतिशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ युद्ध, फांशीची शिक्षा, राजद्रोह असल्या थोर प्रसंगांची चर्चा करितात. सामान्य माणसाच्या वांट्याला असे प्रसंग जन्मांत एखादेवेळींच येतात, आणि आले तरी निर्णय बहुधा दुसऱ्याच्या हातीं असतो. त्याच्या स्वतःच्या हातीं जी जीवनमरणाची सत्ता खरोखर असते, ती फार लहान जीवांवरची. एखाद्याची अहिंसा पारखावयाची झाल्यास मी त्याच्या लाडवांच्या डब्याला मुंग्या लागेपर्यंत थांबेन.

हा प्रसंग महाविद्यालयाच्या वसतिगृहांत जितका नित्याचा, तितका इतरत्र क्वचितच असेल. जळगांवचें मूळजी जेठा महाविद्यालय घ्या, अमळनेरचें प्रताप महाविद्यालय घ्या, किंवा १९९० सालीं स्थापन झालेलें व आतां बहिणाबाई चौधरींचें नांव धारण करणारें विद्यापीठ घ्या. सातपुड्याच्या पायथ्यापासून खानदेशच्या खेड्यापाड्यांतून मुलें येथें शिकावयास येतात. एका खोलींत तीन खाटा, तीन पेट्या आणि घरून आलेला दराब्याच्या लाडवांचा डबा. हा डबा एकट्याचा कधींच नसतो. तो उघडला कीं खोलींतील सर्वांचे हात त्यांत जातात. जूनमध्यें पहिला पाऊस पडून काळ्या जमिनींतील बिळांत पाणी शिरलें, म्हणजे भिंतीच्या भेगेंतून एक रांग निघते आणि खिडकीच्या कडेकडेनें थेट त्या डब्यापर्यंत पोंचते. आतां खोलींत तीन मतें होतात.

पहिला ओला बोळा घेऊन सारी रांग चिरडून टाकतो. मुंगीसाठीं विचार करीत बसणें हा त्याला वेळेचा अपव्यय वाटतो. दुसरा जरा नाजूक मनाचा. त्याला मारावयाचें नाहीं, पण मुंग्याही नकोत. म्हणून तो बाजारांतून विषारी खडू आणतो, पेटीभोंवतीं रेघ ओढतो आणि दिवा मालवून स्वस्थ निजतो. बाजारांत अशा एका खडूला लक्ष्मणरेषेचें नांव दिलेलें आहे. कथेंतील रावणाला आपण कोठें पाय ठेवीत आहों हें ठाऊक होतें. मुंगीला तें ठाऊक नसतें. तिसरा, बहुधा एखाद्या जैन व्यापाऱ्याचा किंवा माळकऱ्याचा मुलगा, मुंग्यांना कागदावर घेऊन बाहेर सोडून येतो, आणि तो परत येईपर्यंत मागून शंभर आलेल्या असतात. तिघेही एकमेकांस मूर्ख समजतात. मला विचाराल तर दुसऱ्यापेक्षां पहिला अधिक प्रामाणिक आहे. आपल्या बोटांखालीं काय झालें तें त्यानें निदान पाहिलेलें असतें.

हा वाद आजचा नव्हे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत गृहस्थाच्या घरांतील पांच वधस्थानें सांगितलीं आहेत: चूल, जातें, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. त्या स्मृतीच्या इतर कित्येक व्यवस्था आजच्या मनास मान्य होण्यासारख्या नाहींत, आणि होऊंही नयेत. परंतु हें निरीक्षण बिनतोड आहे. सैंपाक करणारा, दळणारा, घर झाडणारा असा प्रत्येक हात कांहींतरी मारीतच असतो. त्याबद्दल सांगितलेल्या पांच यज्ञांपैकीं भूतयज्ञांत कुत्रा, कावळा, कृमी यांच्यासाठीं अन्न भूमीवर ठेवावयाचें असतें. म्हणजे येथें हिंसेला मोकळा परवाना नाहीं आणि सरसकट मनाईही नाहीं. ती देणें म्हणून मांडून ठेवली आहे. जळगांवच्या सराफी पेढीवर ही भाषा सहज कळावी. पण मग पेढीवरचाच दुसरा नियमही येथें लागू झाला पाहिजे. जें देणें टाळतां आलें असतें, तें अपरिहार्य खर्चाच्या सदरांत घालतां येत नाहीं.

आणि वसतिगृहांतील मुंग्यांचें देणें बहुतेक टाळतां येण्यासारखें असतें. रात्रीं पुस्तक वाचतां वाचतां लाडू खाल्ला, चुरा खाटेखालीं सांडला, डब्याचें झांकण तिरपें राहिलें. हें आमंत्रण कोणीं दिलें? अन्न सांपडलेली मुंगी परततांना आपल्या शरीरांतील ग्रंथींतून गंधाची सूक्ष्म रेघ सोडीत जाते. तिच्यावरून दुसऱ्या येतात आणि तींत आपापली भर घालतात. अन्न संपलें कीं भर घालणारी कोणी उरत नाहीं, व रेघ आपोआप विरते. साबणाच्या पाण्यानें ती पुसली आणि चुरा उचलला, तर रांग दुसरीकडे वळते. आपल्या आज्यांच्या घरीं फडताळाचे पाय पाण्यानें भरलेल्या वाट्यांत उभे असत, तेंही याच जातीचें शहाणपण. हे उपाय कोणाला ठाऊक नसतात असें नाहीं. त्यांना रोज पांच मिनिटें द्यावीं लागतात, आणि विषाला महिन्यांतून एकदांच. ज्याला आपण नाइलाज म्हणतों, तो पुष्कळदां या पांच मिनिटांचा असतो.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत १९२४ ते १९३० या काळांत साने गुरुजी शिक्षक होते, आणि तेथील छात्रालय त्यांच्याकडे होतें. मुलें बाहेर गेलीं असतां ते त्यांच्या खोल्या झाडून, पसरलेलें सामान आवरून ठेवीत, अशी आठवण सांगितली जाते. मुंग्यांविषयीं ते काय म्हणत हें सांगण्याचा माझा हेतु नाहीं. एवढेंच दिसतें कीं, ज्या छात्रालयांत असा झाडणारा असेल तेथें हा नैतिक प्रश्न फारच थोड्या वेळां उभा राहील. केरसुणी हेंही वधस्थानच आहे, हें खरें. पण तिच्या खात्यावरील देणें खडूपेक्षां पुष्कळ कमी भरेल.

याच साने गुरुजींनीं १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांचीं गीतेवरील प्रवचनें उतरून घेतलीं. पहिल्याच प्रवचनांत एका न्यायाधीशाचा दृष्टान्त आहे. शेंकडों गुन्हेगारांना फांशी देणारा हा गृहस्थ, स्वतःचा मुलगा समोर उभा राहतांच फांशीची शिक्षाच अमानुष आहे असें बोलूं लागतो. वसतिगृहांत हा दृष्टान्त उलटा घडतो. वादसभेंत प्राणिदयेवर बक्षीस मिळविलेला विद्यार्थी स्वतःच्या डब्यांत मुंगी दिसली कीं एकाएकीं उपयुक्ततावादी बनतो. तत्त्व बदललें असें त्याला वाटतें. बदललेला असतो तो फक्त डब्याचा मालक.

मुंगीला दुःख होतें काय, हा प्रश्न उरतोच. प्राण्यांना वेदना होतात कीं नाहीं एवढेंच विचारा, असें बेंथमनें १७८९ सालीं लिहिलें. २०२४ सालीं न्यूयॉर्क येथें अनेक शास्त्रज्ञांनीं व तत्त्वज्ञांनीं एका जाहीर पत्रकांत कीटकांनाही जाणीव असण्याची खरीखुरी शक्यता मान्य केली. शक्यता म्हणजे सिद्धता नव्हे. पण अंधारांत दगड भिरकावणाऱ्यास, तेथें कोणी उभें असल्याचें सिद्ध झालें नव्हतें, ही सबब पुरत नाहीं.

सर्वांत प्रभावी म्हणून सांगितला जाणारा उपाय मला मात्र सर्वांत अस्वस्थ करतो. साखरेच्या पाण्यांत थोडें बोरिक आम्ल मिसळून तें झांकणांत ठेवावयाचें. मुंगीला दोन पोटें असतात, एक स्वतःचें आणि एक वारुळाचें. हें गोड पाणी ती दुसऱ्या पोटांत भरून नेते आणि तोंडाला तोंड लावून बहिणींना, अळ्यांना व शेवटीं राणीला पाजते. विष मुद्दाम मंद ठेवलेलें असतें. तीव्र असतें तर ती वाटेंतच मेली असती व वाटणी झाली नसती. तिनें एकटीनें खाल्लें असतें तर वारूळ वांचलें असतें. राणीपर्यंत पोंचावयास त्याला कांहीं दिवस लागतात. तोंवर रांग पूर्वीसारखीच चालूं असते, आणि खोलींतील तिघे एकाच डब्यांतून लाडू खात उपाय लागू पडला कीं नाहीं याचा वाद घालीत असतात.